गोजराआत्याची जोंधळ्याची माळ

बसा, जरा सरकून बसा. आणि मधेमधे "मग काय झालं" विचारू नका, सांगतेच आहे.

लई मागची गोष्ट. आपल्या मुरुमवाडीला तेव्हा रस्ता नव्हता, नुसती वेस होती. वेशीच्या आत घरं, बाहेर मुरमाड रान. त्या रानात परक्या गावचं बी कधी रुजलं नाही. आणलं, पेरलं, करपलं. आपला लाल टिपक्याचा जोंधळा तेवढा यायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

गाव गरीब, पण हौसेला कमी नाही. सोनं एकट्या पाटलाच्या घरी: एक ठुशी, बुगड्यांचा जोड आणि अंबाड्यावर लावायची राखडी. कुणाचीही लेक लग्नाला उभी राहिली की पाटलीणबाई ते सोनं तिच्या अंगावर घालायची. बाईचं मन मोठं होतं, उगाच नावं ठेवू नये. पण वरात वेशीपाशी आली की तीच पाटलीणबाई डबी उघडून उभी राहायची आणि नवरीच्या अंगावरचं एकेक उतरवून घ्यायची, सासरच्या माणसांदेखत. काळी पोत तेवढी गळ्यात ठेवून पोरगी मान खाली घालून वेस ओलांडायची. रीतच होती ती, कुणाला वावगं वाटत नसे.

गोजराची वरात अशीच निघाली. उतरवायच्या घाईत बुगडी ओढली गेली आणि तिचा कान फाटला. पदरानं रक्त टिपत ती सासरी गेली आणि वर्षाच्या आत माहेरी परत आली. का आली, ते कुणी नीट सांगत नाही, मीही मनाचं घालणार नाही. भावाच्या ओसरीवर राहिली आणि हळूहळू सगळ्या गावाची आत्या झाली.

त्या ओसरीवर बसून ती दागिने करू लागली. जोंधळ्याच्या धाटातलं पांढरं भेंड कापून कुड्या, त्यात मधोमध लाल गुंज. बाभळीच्या वाळक्या शेंगांचे पैंजण, चालताना खुळखुळणारे. कणसाचे तुरे गुंफून अंबाड्याला वेणी. आणि जोंधळ्याची माळ. माळेचा एकेक दाणा ती टरफलासकट, देठासकट घ्यायची आणि देठाला दोऱ्याची गाठ मारायची. सुई लावायची नाही. "दाण्याचा डोळा फुटला की दाणा आंधळा," म्हणायची. वरून एरंडेलाचा हात फिरवायची, म्हणजे चकाकी यायची आणि कीड लागायची नाही. असं म्हणतात, तिच्या हातची माळ अंधारातही दिसायची. म्हणतात बरं का, मी बघायला नव्हते.

पुढची वरात निघाली तेव्हा आत्या वेशीवर जाऊन उभी राहिली. पाटलीणबाईनं सोनं उतरवलं आणि डबी मिटली. मग आत्यानं पुढं होऊन पोरीच्या गळ्यात माळ घातली, केसांत वेणी माळली आणि म्हणाली, "उसनं न्हाई गं, तुझंच हाय. कधी परत मागणार न्हाई."

त्या दिवसापासून मुरुमवाडीची एकही लेक मोकळ्या गळ्यानं गेली नाही. सासरी हसायचे. जोंधळा गळ्यात घालून आलीस, भाकरी कुठं बांधलीस म्हणायचे. हसू दे. पोरींनी माळा जपल्या. दिलेलं सगळंच काही परत जात नाही, एवढं तरी त्यांना त्या माळेनं शिकवलं होतं.

पुढं पाटलाच्या लेकीचं लग्न ठरलं. तिला सोनं होतं, पण ती हटून बसली, मला जोंधळ्याची माळ हवीच. पाटलीणबाई कशाला आत्याच्या दारात जाते? तिनं स्वतःच सुई घेतली आणि सरळ, एकसारखी माळ ओवली. दिसायला आत्याच्या माळेहून सुबक. वरात वेशीवर आली तेव्हा आत्यानं ती हातात घेऊन पाहिली. "पाटलीणबाय, डोळं फोडलंत की वो दाण्यांचं."

"गळ्यात घालायचीय माळ," पाटलीणबाई म्हणाली, "पेरायची न्हाई."

झालं ते झालं. वर्षं गेली. आणि एका वर्षी नदी अशी फुगली की पाणी वेशीच्या आत आलं. गावाचं सगळं बी जमिनीखालच्या एका पेवात ठेवलेलं असायचं. पाणी पेवात शिरलं. झाकण काढलं तेव्हा आत नुसता काळा आंबूस चिखल. पेरणी तोंडावर, आणि गावात मूठभर बी नाही. बायाबापड्या भांडीकुंडी बांधू लागल्या. गाव उठणार होतं.

तेव्हा पाटलीणबाईला आठवलं. ती पहिल्यांदा आत्याच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "बी हाय, आत्या. लेकींच्या गळ्यात हाय. तू सांगावा धाड, तुझा शब्द त्या मोडणार न्हाईत."

आत्यानं हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "गाव माझंबी हाय, पाटलीणबाय. माझं काळीज तुटतंय. पन दिलेलं परत मागायचं न्हाई असं बोललेय. वेशीवर अजून एका पोरीचा गळा माझ्या हातानं मोकळा करू?"

पाटलीणबाईला त्या फाटक्या कानाकडं बघवेना. ती उठली आणि स्वतः निघाली. पाटलाच्या घरची बाई, चिखल तुडवत, लेकींच्या सासरी दारोदार. "मागत न्हाई," म्हणायची, "गाव उठतंय एवढंच सांगाया आले."

लेकी आल्या. कुणी पोर कडेवर घेऊन, कुणी पिकल्या केसांची. आत्या वेशीवर उभी होती, हात मागं बांधून. पुढं झाली ती सगळ्यांत थोरली, पहिल्या माळेची धनीण. तिनं आपल्या हातानं माळ काढली आणि आत्याचे हात पुढं ओढून तिच्या ओंजळीत ठेवली.

"उसनी देते, आत्या," ती म्हणाली. "सुगीला परत घेणार हाय."

आत्या ती माळ उराशी धरून रडली. कान फाटला तेव्हा रडली नव्हती, असं म्हणतात.

गाठी सोडल्या, दाणे पेरले. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी रान हिरवं झालं आणि एकेका धाटाला दोन दोन कणसं लागली, एक पोटाला, एक गळ्याला. पाटलीणबाईनं लेकीची माळ आपल्या वावरात पेरली होती, तेवढं वावर उघडं राहिलं. ती बांधावर बसून होती. आत्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या हातात दोरा दिला. "देठाला गाठ मारायची. या, शिकवते."

सोन्याची डबी वेशीवर पुन्हा कधी उघडली नाही. लग्नात घातलेलं सोनं पोरी आपल्या हातानं घरीच उतरवून देऊ लागल्या.

सुगीला सगळ्या माळा परत गेल्या, नव्या दाण्यांच्या. एक माळ मात्र उरली. ती लेकींनी मिळून बांधली होती, आत्यासाठी. जन्मभर पोरींना नटवणाऱ्या त्या बाईचा स्वतःचा गळा मोकळाच होता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आजही मुरुमवाडीची लेक पेरणीआधी माहेरी येते, माळ उसनी देते आणि सुगीला नवी घेऊन जाते. आत्या उभी राहायची तिथल्या वेशीतल्या दगडाला पहिल्या कणसाची वेणी चढते. आणि वरात तिथं थांबते तेव्हा गावातली कुणी तरी आत्या नवरीच्या गळ्यात माळ घालून तेच म्हणते, "उसनं न्हाई गं, तुझंच हाय."