उघड्या खडकावरची रास

दाट जंगलाच्या मधोमध एक उंच कडा होता. कड्याच्या टोकावर बेहड्याचे जुने झाड होते आणि त्या झाडावर एक खार राहत होती. मुलांनो, ती काही फार शूर नव्हती की फार चलाखही नव्हती. पण तिची नजर तीक्ष्ण होती आणि ती जे पाही तेवढेच सांगे. पदरचे त्यात काही घालत नसे. म्हणून कड्याखालच्या कुरणात चरणाऱ्या हरणांनी तिला आपली राखणदार मानले होते. उन्हाळ्यात त्या भागात पाण्याच्या दोनच जागा उरत, एक कड्याच्या पायथ्याचा डोह आणि दुसरे घळीतले कुंड. रानकुत्र्यांची टोळी यांपैकी कुठे दबा धरून बसली आहे, हे खारीला झाडाच्या शेंड्यावरून दिसे. तिचा आवाज खालपर्यंत पोचत नसे, म्हणून ती टिटवीजवळ निरोप देई. टिटवी तो कळपाला सांगे आणि कळप त्याप्रमाणे पाण्याला जाई.

त्याच जंगलात एक कोल्हा होता. स्वतः शिकार करण्यापेक्षा रानकुत्र्यांच्या मागे राहून उरलेसुरले खाणे त्याला सोयीचे वाटे. एके दिवशी दुपारी तो कळपापाशी आला आणि म्हणाला, की टिटवी आजारी आहे, खारीने आज मला पाठवले आहे, घळीतले पाणी मोकळे आहे. हरणे तहानलेली होती. त्यांनी विश्वास ठेवला. घळीत काय झाले ते खारीने झाडावरून पाहिले. ती ओरडली, घसा बसेपर्यंत ओरडली, पण तिचे ओरडणे तिच्याच झाडाच्या पानांत विरून गेले. त्या दिवशी तीन पाडसे परत आली नाहीत.

यापुढे असे होऊ नये म्हणून खारीनेच एक युक्ती सुचवली. खऱ्या निरोपाबरोबर 'पांगारा' हा शब्द यायचा. शब्द नसेल तर निरोप खोटा समजायचा. पण शब्द ओळखायचा तर तो कळपातल्या प्रत्येक हरणाला ठाऊक हवा, आणि कळपात साठ-सत्तर हरणे होती. एका कोवळ्या हरिणीला तो पाठ राहत नव्हता. चरता चरता ती तो पुटपुटत राहिली आणि करवंदीच्या जाळीमागे बसलेल्या कोल्ह्याने तो ऐकला. दोन आठवड्यांनी त्याने तोच शब्द घेऊन कळपाला पुन्हा घळीत पाठवले. या खेपेला कळपाची म्होरकी असलेल्या वृद्ध हरिणीची लेक गेली.

म्होरकीने कुणालाही दोष दिला नाही. तिने एवढेच सांगितले, की आजपासून हा कळप कुणाचाही निरोप ऐकणार नाही. पुढे चार दिवसांनी डोहाकाठी रानकुत्रे दबा धरताना खारीने पाहिले आणि टिटवीला घाईने पाठवले. टिटवी जीव तोडून सांगत होती. हरणांनी तिला शिंगे उगारून हाकलले. एक शिंग तिच्या पंखाला लागले. कळप डोहावर गेला आणि दोन हरणे गमावून परतला.

टिटवी दुखरा पंख ओढत झाडापाशी आली. तिच्याकडे पाहून खारीला फार अपराधी वाटले. कोल्ह्याच्या खोटेपणाने जेवढे जीव गेले, ते तर गेलेच. पण आता तिचे खरे बोलणेही कुणाच्या उपयोगाचे राहिले नव्हते, आणि हे तिला अधिक सलत होते. ती अन्नाला तोंड लावीना. फांदीवर बसून ती एकाच गोष्टीचा विचार करी. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली खूण ऐकणाऱ्याकडूनच चोरीला जाते. मग खूण अशी हवी, जी ऐकणाऱ्याला आधी मुळीच ठाऊक नसेल, पण समोर आली की ती खरी की खोटी हे त्याला स्वतःच पडताळून पाहता येईल. अशी खूण जगात असेल तरी का, हे तिला कळेना.

तिला ती सापडली तिच्या रोजच्या कामात. खार चारोळीच्या बिया खडकावर वाळत घालीत असे आणि सवयीने त्या सारख्या ओळींत मांडीत असे. बारा बिया अनेक प्रकारे मांडता येत. सहा-सहाच्या दोन ओळी होत, चार-चारच्या तीन होत. तेरा बियांचे मात्र काही केल्या तसे होत नसे. एकच लांब ओळ करा, नाहीतर एखादी बी उरलीच. सात, तेरा, तेवीस, एकोणतीस अशा कित्येक संख्या तिला अशाच हट्टी आढळल्या. मुलांनो, शाळेत आपण त्यांना मूळ संख्या म्हणतो.

तिने सात-सात बियांच्या तेरा ओळी मांडल्या. छान चौकट झाली, एक्याण्णव बियांची. मग ती चौकट मोडून तिने एक ढीग केला आणि टिटवीला सांगितले, की यातली एकही बी उरणार नाही अशा सारख्या ओळी मांडून दाखव. टिटवीने दोन-दोनच्या मांडून पाहिल्या, तीन-तीनच्या पाहिल्या, चार, पाच, सहा, दर वेळी काही ना काही उरले. सातावर ती पोचली तेव्हा दिवस निम्मा सरला होता. खारीने मग तेवीस आणि एकोणतीस घेऊन सहाशे सदुसष्टचा ढीग केला. तो सुटायला टिटवीला पाच दिवस लागले.

खार त्या ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिली. दोन हट्टी संख्या घेऊन चौकट मांडणे तिला एका बैठकीत जमत होते. चौकट मोडल्यावर त्या ढिगातून तेच दोन आकडे परत शोधणे मात्र भारी कष्टाचे होते, आणि संख्या जितक्या मोठ्या, तितके ते कष्ट वाढत होते. शिवाय कुणी आकडा सांगितलाच, तर तो खरा आहे का, हे कुणालाही बिया मांडून पाहता येत होते.

तरीही तिने घाई केली नाही. एकदा तिच्या युक्तीने घात झाला होता. या वेळी ती स्वतःच चोर झाली. आपण कोल्हा असतो तर काय केले असते, असे मनाशी म्हणत तिने आपलाच ढीग फोडायचे जितके मार्ग सुचले तितके करून पाहिले. शेवटी तिने मनात दोन मोठ्या हट्टी संख्या धरल्या आणि त्यांची रास केली चार हजार चारशे त्रेपन्न बियांची. एवढी रास एकट्याने एकदा मांडून पाहायची म्हणजे अख्खा दिवस जाणार होता. कोल्ह्याला हट्टी संख्या वेगळ्या काढता येत नव्हत्या, त्यामुळे त्याने दोनपासून ओळीने रोज एक आकडा तपासला तरी त्याला दोन महिने लागणार होते. रास कधीच फुटणार नाही, असे नव्हते. पण ती फुटेल तोवर पावसाळा लागलेला असेल, जागोजागी पाणी असेल आणि मग त्या आकड्यांनी कुणाचे वाईट होणार नाही, असा हिशेब तिने केला.

दुसऱ्या दिवशी ती कड्यावरून उतरून कुरणात आली. उतरायला तिला अर्धा दिवस लागला. कुरणातल्या मोठ्या उघड्या खडकावर तिने सगळ्यांच्या देखत आपली युक्ती समजावून सांगितली. कोल्हा जवळच्या टेकाडावर बसून ऐकत होता. खारीने त्याला पाहिले, तरी आवाज लहान केला नाही. राशीत किती बिया असतील, हेही तिने मोठ्याने सांगितले आणि तेवढ्या बिया हरणांकडून खडकावर जमवून घेतल्या. खरा निरोप येईल तेव्हा त्याच्याबरोबर ओळीचा आकडा येईल, तेवढ्या बियांच्या ओळी मांडा, एकही बी उरली नाही तर निरोप माझा समजा, मात्र एकेका बीच्या ओळी किंवा सगळ्या बियांची एकच ओळ धरायची नाही, असे ती म्हणाली. अगदी जिवावरचे संकट आले तरच मी निरोप पाठवीन, एरवी पाण्याला तुम्हीच जपून जा, असेही तिने सांगितले.

म्होरकीने विचारले, "आणि तो आकडा कोणता?"

"तो मी सांगणार नाही, आक्का."

"म्हणजे आमच्यावर तुझा विश्वास उरलेला नाही."

 खार म्हणाली, "विश्वास आहे, आक्का. पण मागच्या वेळी त्या लेकराने मुद्दाम काही केले नव्हते. तिच्या जिभेवर मी ओझे ठेवले होते. जे तुम्हांला ठाऊकच नाही, ते तुमच्याकडून कुणी चोरू शकणार नाही."

 म्होरकी राशीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने मान हलवली.

कोल्ह्यानेही सगळे नीट ऐकले होते. तो मूर्ख नव्हता. कोरड्या ओढ्यात त्याने तितकेच खडे जमवले आणि रोज सकाळपासून तो ओळी मांडू लागला. दोनच्या, तीनच्या, चारच्या. खडे सरकवून त्याच्या पंजांना घट्टे पडले. तिसरा आठवडा संपता संपता तो एकोणिसापर्यंत आला आणि त्याचा धीर सुटला. पुढे किती आकडे आहेत, हे त्याला कळत होते. तेव्हा त्याने ठरवले, की तहानलेली हरणे एवढ्या बिया मोजत बसणार नाहीत. भर उन्हात तो कळपाकडे गेला आणि ठाम आवाजात म्हणाला, की घळीतले पाणी मोकळे आहे आणि खूण आहे एक्केचाळीस.

हरणांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. तरी म्होरकीने बिया मांडायला सांगितल्या. प्रत्येक हरणाने ओठांनी एकेक बी उचलून ओळी लावल्या. एकशे आठ ओळी झाल्या आणि पंचवीस बिया उरल्या. म्होरकीने त्या उरलेल्या बियांकडे पाहिले, मग कोल्ह्याकडे पाहिले. त्याला कुणी मारले नाही की कुणी शिव्या दिल्या नाहीत. कळप जागचा हलला नाही, एवढेच. कोल्हा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

खरी परीक्षा त्यानंतर आठ दिवसांनी आली. सकाळी खारीला दिसले, की रानकुत्रे डोहापासून निघून कुरणाला मागून वळसा घालत आहेत. कळपाला बाहेर पडायला एकच वाट उरली होती, घळीतून पलीकडच्या माळावर जाणारी. जिथे त्यांची पाडसे गेली होती, त्याच वाटेने त्यांना पाठवायचे होते. खारीने टिटवीच्या कानाशी जाऊन आकडा सांगितला, तो पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडत होता. टिटवी बऱ्या झालेल्या पंखाने झेपावली आणि तिने कळपाला सांगितले, की आत्ताच्या आत्ता घळीतून जा, खूण आहे एकसष्ट.

घळीचे नाव ऐकताच हरणे मागे सरली. म्होरकी मात्र राशीपाशी गेली.

वरून खार पाहत होती. हरणे माना खाली घालून बिया मांडत होती. एक ओळ, दुसरी ओळ, दहावी ओळ. गवतातून रानकुत्रे सरकत होते. तिने मनाशी धरले होते की रास मोठी तितकी बरी, आणि आता तिला वाटू लागले, की आपण ती फारच मोठी केली. ताडून पाहण्यातच यांचा जीव जाणार. तिने फांदी घट्ट धरली. आता तिच्या हातात काही नव्हते. ओरडून उपयोग नव्हता आणि धावून उपयोग नव्हता. जे तिला सांगायचे होते ते सांगून झाले होते. आता ते खरे आहे हे त्या बियांनीच सांगायचे होते.

त्र्याहत्तरावी ओळ पुरी झाली. खडकावर एकही बी उरली नाही.

म्होरकी त्या चौकटीसमोर उभी राहिली. मग ती वळली आणि घळीच्या तोंडाशी गेली. तिची लेक जिथे पडली होती, तिथे तिचे पाय क्षणभर अडखळले, हे खारीला एवढ्या उंचावरूनही कळले. पण ती थांबली नाही. तिच्या मागून सगळा कळप गेला. रानकुत्रे खडकापाशी पोचले, तेव्हा तिथे ओळीने मांडलेल्या बियांशिवाय काही नव्हते. त्या दिवशी कळपातले एकही हरीण कमी झाले नाही.

पुढे कुरण मोकळे झाल्यावर म्होरकीने खारीला बोलावून घेतले. तिने विचारले, की आता दोन्ही आकडे आम्हांला कळले आहेत, ते आम्ही जपून ठेवायचे का. खार म्हणाली, की जे सगळ्यांना कळले त्याचे काम संपले. आता नवे दोन आकडे आणि नवी, आणखी मोठी रास.

म्होरकीने खारीच्या पांढुरक्या झालेल्या मिशांकडे पाहिले. "आणि तू नसशील तेव्हा?"

"तेव्हा माझ्या जागी दुसरी कुणी असेल. आकडे माझे आहेत, आक्का, पण रीत माझी नाही. ती मी सगळ्यांना शिकवीन."

आणि तिने शिकवली. त्याच उघड्या खडकावर बसून, हरणांना, सशांना, भेकरांना, जो येईल त्याला, हट्टी संख्या कशा ओळखायच्या आणि त्यांची रास कशी करायची, हे तिने काहीही न लपवता सांगितले. कोल्हाही काही दिवस टेकाडावर येऊन बसे. त्याने अथपासून इतिपर्यंत सारे ऐकले आणि त्याला ते सारे समजले. मग एके दिवशी तो उठला आणि उंदीर शोधायला माळाकडे निघून गेला.

तात्पर्य : ज्याची रीत सर्वांना माहीत असूनही ज्याची नक्कल करता येत नाही आणि जे प्रत्येकाला स्वतः पारखून घेता येते, त्याच्यावरच विश्वास ठेवावा, आणि ज्याच्यावर इतरांचा विश्वास आहे, त्याने आपल्यापाशी ठेवायचे तेवढे गुपित जिवापाड जपावे.