भोयर उभा राहतो तेव्हा

बास्केटबॉल संघाचे मालक खर्चेसाहेब सामना पाहायला बाकावर बसले होते. शेजारी चाळिशीला टेकलेला, सहा फूट आठ इंची भोयर गुडघे चोळत होता. "हा पांढरा हत्ती अजून किती वर्षं पोसायचा?" साहेबांनी प्रशिक्षक डोरलेबाईंना विचारलं. भोयरच्या नव्या करारावर सही व्हायची होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "भोयर, जरा उभे राहा."

भोयर उठला आणि त्याने अंगातलं जॅकेट काढलं. ते पाहताच समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने घाईघाईने खेळ थांबवून घेतला आणि दोन चपळ पोरं बाहेर काढून दोन धिप्पाड गडी आत पाठवले.

"बसा आता," बाई भोयरला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "हत्ती जागचा हलला नाही, तोवर तिकडे तटबंदी झाली. त्याची किंमत मला कशाला विचारता? त्यांना विचारा."

खर्चेसाहेबांनी भोयरकडे मान वर करकरून पाहिलं, आणि सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली.