कुठल्या पोत्याला मिठी?

वारणेच्या काठी भिवराबाई नावाची एक भडभुंजीण राहत असे. एकदा ती नावेनं पलीकडच्या बाजाराला निघाली, तेव्हा तिच्याजवळ चुरमुऱ्यांचं एकच, पण माणसाएवढं उंच पोतं होतं. त्याच नावेत गुलाबचंदशेठ साखरेची सहा पोती घेऊन बसले. पोती दिसायला आटोपशीर, पण एकेक चढवताना दोन-दोन हमाल वाकले.

नदीच्या मध्यावर वारा सुटला आणि लाटांचं पाणी नावेत येऊ लागलं. सुभाना नावाडी ओरडला, "ओझं कमी करा, नाहीतर सगळेच बुडू!"

शेठनी लगेच चुरमुऱ्यांकडे बोट दाखवलं. "ते टाक. सगळ्यांत मोठं तेच आहे."

सुभानाचं घर शेठच्याच जागेत होतं. त्यानं मुकाट्यानं पोत्याला हात घातला. भिवराबाईची सगळी मेहनत त्या पोत्यात होती. तरी तिनं आवाज चढवला नाही.

"शेठ, तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही. त्याचं आत्ता काय?"

"मग नाव उलटली, तर कुठल्या पोत्याला मिठी मारणार, तेवढं सांगा. ते ठेवू आणि दुसरं टाकू."

शेठनी साखरेकडे पाहिलं, मग चुरमुऱ्यांकडे पाहिलं. सुभाना पोतं धरून तसाच थांबला होता.

"साखर टाक," शेठ हळूच म्हणाले.

साखरेची तीन पोती पाण्यात गेली, तशी नाव वर उचलली गेली. पलीकडचा काठ लागेपर्यंत शेठ चुरमुऱ्यांचं पोतं दोन्ही हातांनी धरून बसले होते.