महानंदाबाईंची फिल्म

“...पण प्रश्न का येत नाहीत, सर? टाळ्या येतात, प्रश्न येत नाहीत. असं का?”

अभिनंदन उपाध्येनं हे विचारलं तेव्हा शिकलगार सर चहात खारी बुडवत होते.

सर आमच्या सोलापूरच्या कॉलेजात तीस वर्षं व्यवस्थापन शिकवून निवृत्त झालेले. अभिनंदन आणि मी त्यांचेच विद्यार्थी, आता तिथंच शिकवतो. खरं सांगतो, असा मास्तर मी दुसरा बघितला नाही.

अभिनंदन हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. धंदा कसा करावा हे तो फिल्ममधून शिकवायचा. शूटिंग स्वतः, एडिटिंग स्वतः, निवेदनही स्वतःच्याच आवाजात. यंदा कडक भाकरी विकणाऱ्या महानंदा बिराजदारांवर सात मिनिटांची फिल्म केली. एका तुकडीला दाखवली, टाळ्या पडल्या, पण कुणी चकार शब्द काढला नाही. आणि त्याचा विषय पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा, हे मुलांच्या प्रतिसादावरच ठरणार होतं.

“एवढं सोपं करून सांगतो, सर. शेवटाला तर लोक रडतात!”

“...उद्या येतो बघायला.”

दुसऱ्या तुकडीच्या तासाला सर आले, प्रोजेक्टरशेजारी बसले. मीही मागच्या बाकावर. फिल्म सुरू झाली. महानंदाबाई, कामाच्या आठ बायका, तव्यांची रांग. मग फोन येतो. पुण्याचा मोठा दुकानदार. महिन्याला वीस हजार भाकऱ्या घेतो म्हणतो, पण सगळ्या एका मापाच्या, यंत्रावर केलेल्या. बाई फोन कानाला लावून उभ्या...

सर उठले आणि त्यांनी प्रोजेक्टरपुढं तळहात धरला.

पडदा काळा.

अभिनंदन दचकला. फिल्म वाया जाऊ नये म्हणून त्यानं घाईघाईनं ती थांबवली. “सर?”

सरांनी हात हलवला नाही.

“पुढं काय झालं?” मागून एकानं विचारलं.

सरांनी नुसतं वर्गाकडं बघितलं.

“हो म्हणायचं की! त्यात काय विचार करायचा?”

“आणि त्या आठजणी? यंत्राच्या तोंडाकडं बघत बसतील?” हे बोलली सविता कोळी. देवाशप्पथ, ही पोरगी वर्षभर हजेरीपुरतंच तोंड उघडायची.

“अर्धी ऑर्डर घ्यावी.”

“अर्धी कोण देतंय बे!”

एकजण तर उठून फळ्यावर आकृती काढायला लागला. घंटा झाली, तरी कुणी जागचं हलेना.

अभिनंदन हळूच सरांजवळ आला. चेहरा पडलेला, पण नजर वर्गावरून हटत नव्हती.

“सर... शेवट राहिला. फार छान जमलाय हो.”

सरांचा तळहात अजून प्रोजेक्टरपुढंच होता.

“हात दुखायलाय रे,” सर म्हणाले. “काढू?”