उंदीरमामाचा दोर

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या. मधे पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला होता आणि त्याला वेताचा पाळणा लटकत असे. पाळण्यात बसायचं आणि हाताने दोर ओढत ओढत पलीकडे जायचं.

दर पाडव्याला जुना दोर उतरवून नवा बांधत. रीत अशी, की अलीकडच्या वाडीतल्या प्रत्येक घराने अंबाडीच्या वाखाचा एक पेड स्वतः वळून आणायचा. सगळे पेड एकत्र पिळले, की दोर तयार.

याच वाडीत एक म्हातारा एकटाच राहत असे. तुटका विळा, फुटक्या रांजणाचा काठ, एका पायातली वहाण, दिसेल ते उचलून तो घरी नेई. पण फुकट कधीच नाही. विळा उचलला, तर त्या जागी मूठभर चिंचोके ठेवी. वहाण नेली, तर मोराचं पीस. उंदरासारखं सगळं ओढून नेतो, म्हणून पोरं त्याला उंदीरमामा म्हणत. हळूहळू मोठेही म्हणू लागले. त्याचं खरं नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

“काय मामा, आज बिळात काय ओढून चाललात?” लोक विचारत.

“तुझं काय गेलं? बदल्यात दिलंय ना!” तो म्हणे.

फुकट घ्यायचं नाही आणि फुकट द्यायचंही नाही, एवढाच त्याचा नेम. नेमाच्या पहिल्या अर्ध्याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या अर्ध्याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

एका पाडव्याला उतरवलेला जुना दोरही त्याने गाठोडंभर चिंचोके देऊन नेला. घरी त्याला करंजाचं तेल चोळलं आणि वेटोळं करून ठेवला. लोक पोट धरून हसले.

वर्ष सरत आलं. होळी आली. मामाच्या झोपडीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची कुंभारीण आजी सगळ्यांत जास्त ओरडत होती.

“माझ्या भट्टीची एक ठिणगी उडाली, तर याच्या कचऱ्यापायी अख्खी वाडी जळेल!”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पंचांनी ठरवलं, मामाचा सगळा पसारा यंदाच्या होळीत टाकायचा. सकाळीच माणसांनी झोपडी रिकामी केली आणि चावडीपुढे ढीग रचला. मामा ढिगाशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला.

दुपारी आजीच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोर आडवं आलं होतं. हे काम पलीकडच्या वाडीतल्या सुईणीचंच. काठावर जाऊन माणसांनी हाका मारल्या. सुईण पलीकडच्या काठावर धावत आली, तिने एक पाय पाळण्यात ठेवला, आणि दोर तुटला! दुसरा पाय अजून काठावर होता म्हणून ती वाचली. पाळणा दरीत गेला.

माणसांनी दोराचं टोक वर ओढलं. पेडांच्या आत अंबाडी थोडी आणि सुकं गवतच जास्त होतं. पाटलाने आपला पेड ओळखला. मग प्रत्येकाने आपापला ओळखला. ‘माझ्या एकट्याच्या पेडाने काय होणार आहे?’ असं प्रत्येक घराने मनाशी म्हटलं होतं. आता कुणी कुणाकडे बघेना.

“जुना दोर!” आजी एकदम म्हणाली आणि चावडीकडे पळत सुटली.

“मामा, तो दोर द्या. माझी सून जाते हो!”

मामाने मान वर केली. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “बदल्यात काय देतेस?”

आजी थबकली. “माझं घर घ्या,” ती म्हणाली. “सकाळी तुमची झोपडी मीच उपसायला लावली. आता माझी तुम्ही उपसा. पण दोर द्या.”

मामाला स्वतःचेच शब्द ऐकू आले आणि त्याची मान खाली गेली. पुढच्या क्षणी तो उठला, दोन्ही हातांनी ढीग उकरू लागला. तळातून त्याने वेटोळं बाहेर ओढलं.

“आज मोबदला नाही,” तो म्हणाला. “चल लवकर.”

माणसांनी गोफणीने दगडाला बांधलेली सुतळी पलीकडे फेकली. सुतळीमागून दोर गेला. पाळण्याच्या जागी आजीने मडकी वाहायची आपली मोठी टोपली दिली. मामाने आधी स्वतः दोराला लटकून पाहिलं. दोराचा एक धागाही तुटला नाही.

पलीकडच्यांनी सुतळीने टोपली ओढून घेतली आणि सुईण तिच्यात बसून आली. सूर्य कलला तेव्हा आजीच्या घरातून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी एकदमच श्वास सोडला.

“आई खुशाल, लेक खुशाल,” सुईण दारात येऊन म्हणाली. “आणि काय हो, इथे कुणी मला पाणी विचारणार की नाही?” तेव्हा कुठे लोक हसले.

संध्याकाळी होळी पेटली. तीत गवताचा दोर जळला. जळण्याजोगं काय आणि जपण्याजोगं काय, ते मामाने स्वतः निवडून दिलं. पंधरा दिवसांनी पाडवा आला, तेव्हा प्रत्येक घराचा पेड उकलून पाहण्याचं काम पंचांनी त्यालाच दिलं. एकाही पेडात गवताची काडी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी मामाच्या दारात एक नवं कोरं मडकं होतं. कुणी ठेवलं, ते त्याला कळलं. त्याने सवयीने मूठभर चिंचोके उचलले आणि आजीच्या घराकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. स्वतःशीच हसला, मागे फिरला, आणि मडकं तसंच घरात घेतलं.

तात्पर्य: मोबदल्याने व्यवहार चालतो, पण गाव तरतं ते मोबदला न मागता दिलेल्या गोष्टीवर.