भिवराबाईने बदललेलं पान

बंद करा तो टीव्ही आता. मुक्ता, पाय आत घे. निनाद, उशी तिची आहे, तिला दे. त्या राजवाड्याच्या मालिकेपायी डोळे बटाट्याएवढे झालेत दोघांचे. आणि त्यात काय होतं ते मला न बघता ठाऊक आहे. पडद्यामागे कुणीतरी कान लावून उभं. दुधाच्या पेल्यात विष. आणि एका राणीच्या दोन राण्या. एवढ्या तीन गोष्टींवर त्यांचे तीनशे भाग चालतात. माझ्या गोष्टीत त्या तिन्ही आहेत, आणि तुम्हाला झोप लागायच्या आत ती संपतेसुद्धा. ऐका.

एक होती राणी. राजा नव्हता बरं का, राणीच. तिचं नाव केतकी. सातकुंडा नावाच्या नगरात तिचं राज्य होतं. वडील गेले तशी ती गादीवर बसली, आणि चांगला कारभार करायची. तिच्या वाड्यात होती भिवराबाई. भिवराबाईचं काम काय, तर पंगतीला पानं वाढायची. हसू नका. तुम्हाला वाटतं त्यात काय मोठं? अरे, भिवराची आजी तेच करायची, आई तेच करायची, आणि तिघींच्या हातून एकदासुद्धा पान चुकलं नव्हतं. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ सगळ्यात आधी. चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मधोमध भाताची मूद, वर वरण, वर तूप. आणि हे सगळं करायचं समोर उभं राहून, म्हणजे आपलं उजवं ते जेवणाऱ्याचं डावं. जन्मभर उलटं बघायचं आणि सरळ वाढायचं. करून बघा एकदा, मग बोला.

या भिवराने केतकीला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं होतं. पाच वर्षांची असताना केतकीने कढईतून काढलेली पुरी पटकन उचलली आणि उजव्या हाताचं बोट भाजून घेतलं. त्याचा डाग राहिला तो राहिलाच. भिवराला तो डाग पाठ होता.

आता या वाड्यात एक प्रधान होता. नाव भद्रसेन. नाव ठेवताना त्याच्या आईला पुढचं दिसलं नसणार. त्याला हवं होतं राज्य. मग तो गेला डोंगरातल्या एका मांत्रिकाकडे आणि एक आरसा घेऊन आला. माणसाएवढा मोठा. मांत्रिकाने त्याला सांगितलं होतं, की यातली बाई बाहेर येईल आणि खरी बाई आत जाईल. आतून आलेली बाई उलट्या पानावरच जेवू शकेल. घरातली तीन जेवणं अशी जेवली, की ती कायमची बाहेर आणि खरी कायमची आत. पण सरळ पानावरचा एक घास जरी पोटात गेला, तरी ती परत आरशात. आणि आरशापासून वीस पावलांच्या पलीकडे तिला जाता येणार नाही.

मग नवरात्रातल्या सप्तमीला प्रधानाने तो आरसा राणीला भेट म्हणून दिला. जेवणघरात, राणीच्या पाटामागे उभा केला. राणीने सहज आत बघितलं. आरशातली राणी हसली. बाहेरची राणी हसली नव्हती, बरं का. केतकी घाबरून मागे सरणार, तेवढ्यात आतून एक हात आला, त्याने तिचा हात धरला आणि खेचली. एक आत गेली, एक बाहेर आली. प्रधानाने आरशावर पडदा ओढला.

मग त्याने काय केलं असेल? मालिकेतले करतात तेच. कुणी विचारलेलं नसताना सगळा बेत मोठ्यांदा बोलून दाखवला. उलटं पान, तीन जेवणं, दसऱ्याच्या पंगतीनंतर राजशिक्का आपल्या हातात, सगळं. कट करणाऱ्यांना ही खोडच असते. आणि त्या जेवणघरात पडदे होते तीन खिडक्यांना. एकामागे राणीची आत्या उभी होती, दुसऱ्यामागे खजिनदार, तिसऱ्यामागे राजवैद्य. तिघांनी सगळं ऐकलं, आणि तिघेही गप्प बसले. आत्याबाईंना वाटलं, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. खजिनदाराला वाटलं, आपल्याला काय करायचंय. वैद्य आपले भित्रे. म्हणजे बघा, वाड्यात राणी कोंडली गेली हे चार जणांना ठाऊक होतं, आता तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, आणि एकट्या भिवराला ठाऊक नाही.

नवरात्रात राणी दिवसातून एकदाच जेवायची. अष्टमीला दुपारी खोटी राणी जेवायला बसली. उजव्या हाताला पट्टी बांधलेली. हात लचकलाय म्हणाली, डाव्याने जेवते, तर पान उलटं मांड. भिवराला वाईट वाटलं. बिचारीला त्रास नको म्हणून तिने चटणी उजवीकडे ठेवली, भाजी डावीकडे ठेवली, शेंडाही फिरवला. राणी जेवली. एक जेवण झालं.

नवमीला पुन्हा तेच. भिवराने हळूच विचारलं, की भाजी-चटणीचं राहू दे, पण शेंडा तरी डावीकडे ठेवू का, सणाचा दिवस आहे. राणी तिच्यावर कडाडली. आयुष्यात कुणी तिला पानावरून बोललं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि पान फिरवलं. दुसरं जेवण झालं.

त्या दिवशी ती रडली, बरं का. राणीचा हात लचकला म्हणून नाही, कुणी ओरडलं म्हणून नाही. आपल्या हाताने आपण पान वाकडं मांडलं म्हणून.

प्रधानाला मात्र धाकधूक लागली. ही बाई फार विचारते. मग त्याने भिवराला केशर घातलेलं दूध पाठवलं, आणि त्यात काय होतं ते सांगायला नको. पण भिवराचा नेम असा, की शेवटचं पान उठेपर्यंत वाढणारीने तोंडात थेंब घालायचा नाही. आणि नवमीला पंगतींवर पंगती. पाहुणे काही संपेनात. दूध पडून पडून फाटलं, वर हिरवट तवंग आला. भिवराने ते मागच्या निंबाच्या बुंध्याशी ओतून दिलं. निंब आधीच कडू. त्याला काही झालं नाही. आणि आपण कशातून वाचलो हे भिवराला जन्मात कळलं नाही.

मग उजाडला दसरा. पंगत बसली शंभर पानांची. दारात झेंडूची तोरणं, पाटाभोवती रांगोळ्या. सातकुंड्याची रीत अशी, की दसऱ्याला राणीने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. प्रधान राणीच्या शेजारी बसला होता. राजशिक्का समोर चौरंगावर. एक जेवण उरलं होतं.

आरशाच्या आत केतकी काच बडवत होती. काचेतून आवाज येत नाही.

भिवराने मुकाट्याने उलटं पान मांडलं. मीठ वाढलं. राणीने डावा हात पुढे केला. आणि दोन दिवस पानाच्याच विचारात असलेल्या भिवराला आज दिसलं, की पुरीचा डाग डाव्या बोटावर आहे.

ती तशीच उभी राहिली. डाग काही एका हातावरून दुसऱ्या हातावर चालत जात नाही. हात उलटा, पान उलटं, शेंडा उलटा. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं रे. दरबारातले सगळे माना वाकवून मुजरे करणारे, राणीकडे नीट बघितलंय कुणी? पण भिवरा जन्मभर माणसांच्या समोर उभं राहून उजव्याचं डावं करत आलेली. समोरून बघितलं की काय दिसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिच्या मनात आलं, ही तर आरशातली बाई.

मग भिवराने काय केलं? ओरडली नाही. तिने ते उलटं पान उचललं आणि बाजूला ठेवलं. नवं पान घेतलं. शेंडा डावीकडे. मीठ. चटणी डावीकडे. भाजी उजवीकडे. मधोमध मूद, वर वरण, वर तूप. शंभर माणसं बघत होती.

प्रधान गरजला, "भिवरे, डोकं फिरलं का तुझं? पान चुकलंय."

भिवराने पदर खोचला. म्हणाली, "प्रधानजी, माझ्या आजीपासून आम्ही या घरात पानं वाढतोय. पान चुकलेलं नाही. पानावर बसलेली चुकलीय."

प्रधानाने विचारलं, पुरावा काय, साक्षीदार कोण. वाढपिणीच्या शब्दावर राणीला खोटं ठरवायचं का?

आता बघा हं. वाकून वाकून वाढणाऱ्या माणसाची नजर कुठे असते? जमिनीवर. तीन पडद्यांखाली पावलांच्या तीन जोड्या भिवराला रोज दिसायच्या. आजही दिसत होत्या. सण असला तरी त्यांची सवय थोडीच सुटते. तिने पंगतीतल्या तीन रिकाम्या पाटांकडे हात करून सांगितलं, की आत्याबाई, जोडवी दिसतात तुमची. खजिनदारकाका, वैद्यबुवा, बाहेर या. तिघांची पानं मांडलीत. पण काय ऐकलंत ते खरं खरं सांगितल्याशिवाय मी वाढणार नाही.

आणि पानं कशाची होती? श्रीखंड-पुरीची. बासुंदीचा वास सगळीकडे पसरलेला. पहिल्या आत्याबाई बाहेर आल्या. मान खाली घालून आरशाचं सांगितलं, तीन जेवणांचं सांगितलं, सरळ पानावरच्या घासाचं सांगितलं. मग उरलेले दोघे आले आणि हो हो म्हणाले. हो म्हणायला ते तयारच असतात.

खोटी राणी पळायला उठली. पण वीस पावलं झाली आणि पाय उचलेना. मागे फिरली. ओठ घट्ट मिटून पाटावर बसली. माझ्या तोंडात घास कोण घालतं बघू, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. शिपाई पुढे आले, प्रधान हसला. जबरदस्तीने कुणाला जेवू घालता येतं का? निनादला कारल्याची भाजी भरवून बघा.

पण मुलं कशी जेवतात हे भिवराला ठाऊक होतं. ती पाटासमोर बसली. सरळ पानावरचा वरणभात तिने कालवला, तूप जिरवलं, घास केला. खोट्या राणीच्या डोळ्यांत डोळे घातले. आणि आपण लहान मुलाला भरवताना काय करतो? आपणच तोंड उघडतो. भिवराने स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडलं आणि म्हणाली, "आ कर."

आरशातली बाई ती. समोरचा करील ते करायची जन्माची सवय. तिचंही तोंड उघडलं. घास आत गेला.

मग काय. ती पातळ झाली, पाण्यासारखी हलली, आणि मागे सरकत सरकत पडद्यातून आरशात शिरली. पडदा गळून पडला. आणि आतून धपकन बाहेर आली केतकी. केस सुटलेले, ओठ सुकलेले, तीन दिवसांची उपाशी. ती गादीकडे गेली नाही, शिक्क्याकडे गेली नाही. भिवराच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली."

भिवराने तिला त्याच सरळ पानावर बसवलं. जेवता जेवता केतकी म्हणाली, की मी आतून पडद्याच्या फटीतून सगळं बघत होते. सगळे तिला मुजरे करत होते. एकटी तू पान फिरवताना रडलीस. तेव्हाच मला वाटलं, मी सुटणार.

मग प्रधानाचं काय झालं? त्याला हाकललं नाही. त्याच्या हातात मिठाचं भांडं दिलं. रोज शंभर पानांवर मीठ वाढायचं, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पहिलं वर्षभर तो चुकतच होता. तिन्ही खिडक्यांचे पडदे राणीने उतरवले आणि फाडून त्यांची बस्करं शिवली, पंगतीला बसायला. आत्याबाई पडद्यामागे उभ्या राहायच्या, त्या आता पडद्यावर बसून जेवायला लागल्या. आरसा नेऊन लावला मोरीपाशी, भांडी घासतात तिथे. बस म्हणावं बघत.

आणि भिवराबाई? राणीने तिला विचारलं, काय हवं ते माग. गाव माग, सोनं माग. भिवरा म्हणाली, गाव घेऊन मी काय करू, मला पानं वाढायचीत. पण आज एक दिवस मी शेवटी जेवणार नाही. आज माझं पान मांडा, आणि राणीसाहेब, तुम्ही वाढा.

मग भिवराबाई बसली पाटावर, ताठ. अख्खा दरबार हात धुऊन उभा. केतकीने पान मांडलं, मीठ वाढलं, आणि चटणीचं भांडं हातात घेऊन अडली. समोरून वाढायचं, तर डावं कुठलं आणि उजवं कुठलं? एवढं मोठं राज्य चालवणारी राणी, पण एका चटणीपाशी गोंधळली.

भिवरा म्हणाली, "माझं डावं ते तुमचं उजवं. बघा, सोपं नसतं."

राणीने बरोबर वाढलं. शंभर माणसं वाट बघत राहिली, आणि भिवराबाईने सावकाश, अगदी सावकाश, पहिला घास घेतला.

झाली गोष्ट. मुक्ता, उद्या पानं तू घेणार आहेस, आणि मीठ विसरलीस तर मी जेवणार नाही, सांगून ठेवते. निनाद, तू डाव्या हाताने जेवतोस ते खुशाल जेव. त्या बाईची खोड हातात नव्हती, पोटात होती. पान मात्र तुलासुद्धा सरळच वाढीन. माझी आई तसं वाढायची, तिची आई तसं वाढायची.

भिवराबाई जेवली, राणी जेवली, सगळी पंगत जेवून सुपारी खात बसली. आता तुमचेही डोळे जड झालेत. मिटा बघू. मी इथेच आहे.