तीन हात कोणाचे?

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की तेव्हा रूळ होते, पण आगगाडी नव्हती. चमत्कारिक वाटेल, पण रूळ लाकडाचे होते, आणि त्यांवरून कोळशाचा गाडा घोडा ओढत असे.

एका डोंगरावर एक गाव होते आणि पायथ्याला दुसरे. वरच्या गावाच्या जमिनीत दगडी कोळसा होता. खालच्या गावात कुंभारांच्या, लोहारांच्या आणि चुन्याच्या भट्ट्या होत्या. मधे एक उतरती वाट होती, आणि त्या वाटेवर कोळसा वाहणारी तान्हूबाईची घोडी.

घोडीचे नाव बिजली. नाव ठेवले तेव्हा ती तशी असेलही. आता गोणी घेऊन उतरताना तिचे गुडघे थरथरत. वैदूने तिच्या पाठीवरच्या जखमा पाहिल्या आणि मान हलवली.

"तान्हूबाई, हिला ओढू द्या हवं तर, पण आता पाठीवर ओझं नको."

"ओढायला इथे आहे काय, बाबा? या वाटेवर बैलगाडीसुद्धा रुतते."

मग घोडी विकावी लागणार होती. दसऱ्याला घोड्यांचा व्यापारी येई. म्हाताऱ्या घोड्यांचे तो पुढे काय करतो, हे तान्हूबाईने कधी विचारले नव्हते. विचारण्याचा तिला धीर नव्हता.

नेमके त्याच वर्षी दोन्ही गावांनी लाकडी रूळ टाकायचे ठरवले. वरच्या गावचे रायाजी पाटील बुटके आणि गोल होते. खालच्या गावचे हैबती पाटील ताडमाड होते. दोघे वाटेत भेटले.

"दोन रुळांत अंतर किती ठेवायचं?" हैबती पाटलांनी विचारले.

"तीन हात. मधून घोडी चालली पाहिजे."

"ठरलं. तीन हात!"

वरच्यांनी वरून काम सुरू केले, खालच्यांनी खालून. बाभळीचे सोट तासले, आडव्या लाकडांवर ठोकले. सुताराने गाडा केला. त्याच्या चाकांना आतल्या बाजूने उंच कड होती, म्हणजे चाक रुळावरून सुटू नये. सगळे कसे झोकात चालले होते.

रूळ जुळायच्या दिवशी हलगी वाजू लागली. भरलेला गाडा उतारावरून आपोआप खाली येतो. त्याला आवरायला चाकावर दाबायचा एक दांडा होता. घोडीचे काम रिकामा गाडा परत वर नेण्याचे, म्हणून बिजलीला गाड्याच्या मागे बांधले होते. गाडा डुलत डुलत निघाला, मध्यावर आला, आणि धाडकन खाली बसला. कोळसा चौफेर उडाला. हलगीवाल्याचे तोंड काळे झाले, पण तो वाजवतच राहिला.

खालच्या दोन रुळांतले अंतर वरच्या रुळांपेक्षा वीतभर जास्त होते.

"तीन हात ठरले होते!" रायाजी पाटील ओरडले.

"तीनच आहेत! हे बघा!" हैबती पाटलांनी कोपरापासून बोटापर्यंत आपला हात रुळांमध्ये तीनदा टेकवला. बरोबर बसला.

रायाजी पाटलांनी वरच्या बाजूला आपला हात टेकवला. तोही बरोबर बसला.

मग खालच्या गावातली एक बाई पदराआडून म्हणाली, "वरच्या पाटलांचा हात जरा आखूडच आहे, बाई."

झाले! भडका उडाला.

"आखूड? माझा हात आखूड?" रायाजी पाटील लालबुंद झाले. "जत्रेला अख्ख्या गावाला पुरणपोळी घातली ती कोणत्या हाताने? आम्ही कधी आखडता हात घेतला नाही! तुमच्या पाटलांचाच हात फार लांब आहे!"

"लांब म्हणजे?" हैबती पाटील पुढे सरसावले. "मी काय दुसऱ्याच्या खिशात हात घालतो?"

रूळ बाजूला राहिले आणि अब्रू मधे आली. दोन्ही गावांनी बाह्या सरसावल्या. मारामारीला नव्हे, मोजायला. जो तो कोपर पुढे करून दुसऱ्याला लावू लागला. सुतार म्हणाला, खरा हात माझा. लोहार म्हणाला, तुझ्या हाताला दोन बोटे कमी आहेत, ती करवतीने नेली. तोडगा निघेना. कोणताही पाटील आपले रूळ उखडायला तयार नव्हता. उखडले तर आपला हात खोटा ठरणार.

असे बरेच दिवस गेले. रुळांवर गवत आले आणि दसरा जवळ आला. शेवटी तान्हूबाई बिजलीला घेऊन दोघा पाटलांसमोर उभी राहिली.

"पाटील, आठ दिवसांनी व्यापारी येतोय. तुमचे हात तुम्हाला लखलाभ. पण माझी घोडी जातेय."

दोघेही जमिनीकडे पाहू लागले. तेवढ्यात बिजली बोलली. ओझ्याखाली तिला कधी दम मिळाला नव्हता. आता पाठ रिकामी होती.

"तुम्हाला हात आहेत म्हणून तुमची भांडणं," ती म्हणाली. "मला एकही नाही. मला मधे उभी करा आणि दोन्ही बाजूंना सोट ठेवा. मी न घासता चालले की झालं."

आधी हैबती पाटील हसले. मग रायाजी पाटील इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

बिजली मधे उभी राहिली. सोट जवळ आणले, दूर नेले, पुन्हा जवळ आणले. ती "आता" म्हणाली तिथे सुताराने बांबूची काठी आडवी धरून कापली. काठी रायाजींच्या तीन हातांहून लांब निघाली आणि हैबतींच्या तीन हातांहून आखूड. म्हणजे दोघांनाही रूळ उखडावे लागणार होते!

"तुमचेही चुकले ना?" रायाजींनी खात्री करून घेतली.

"तुमच्याइतकेच."

"मग काही हरकत नाही."

दोन्ही गावे कामाला लागली. गाड्याचा आसही त्याच काठीच्या मापाने बदलला. दसऱ्याच्या सकाळी गाडा कुठेही न अडखळता भट्ट्यांपर्यंत उतरला, आणि रिकामा गाडा ओढत बिजली रमतगमत वर आली. व्यापारी आला, तेव्हा तान्हूबाईने त्याला आपट्याचे पान दिले आणि हसून वाटेला लावले.

त्या काठीला लोक घोडीकाठी म्हणू लागले. पुढे दार असो, खाट असो की शेताचा बांध, दोन्ही गावे तिनेच मोजू लागली. मोजण्यावरून तिथे पुन्हा भांडण झाल्याचे निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बोध: माप कोणा एका माणसाच्या अंगाचे असेल तर त्यात मान-अपमान शिरतो; ते कोणाचेच नसेल, तेव्हाच सगळ्यांचे होते.